‘लो मेडिकल’ झाले म्हणून नोकरी जाते का?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात सांगतो. यजमान आर्मीत हवालदार, सध्या लडाखमध्ये. तिथेच वार्षिक मेडिकलमध्ये रक्तदाब वाढलेला निघाला. हॉस्पिटलात ठेवून तपासण्या झाल्या आणि ‘पी-टू, टी-24’ लिहून लो मेडिकल केले, म्हणजे वैद्यकीय दर्जा खाली आणला. चवथीला ते घरी आलेत. गोमेकॉतून (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून) फिटनेस सर्टिफिकेट घेऊन जायचे, गोळी बंद केली असे युनिटला सांगायचे आणि री-कॅटपर्यंत, म्हणजे दर्जा पुन्हा ठरवणाऱ्या तपासणीपर्यंत, बाहेरून विकत घेऊन गुपचूप खायची, असा त्यांचा बेत. वर हळहळ अशी की, लडाखमध्ये तोंड मिटून राहिलो असतो आणि खाली पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) आल्यावर दाखवले असते तर बरे झाले असते. ताईंना नोकरी, बढती, पेन्शन या तिन्हींचा घोर लागला आहे. शिवाय वाळपईचा भाचा अग्निवीरच्या मेडिकलला ‘नॉक नी’ म्हणून अनफिट झाला, त्याचे काय करायचे तेही विचारले आहे.

मी लष्करी वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालो. वैद्यकीय बोर्डाच्या टेबलामागे बसून असे पुष्कळ जवान तपासले. आता फोंड्यात प्रॅक्टिस करतो आणि तालुक्यातले माजी सैनिक आपापल्या कागदांची पिशवी घेऊन येतात. त्या पिशव्या चाळून झालेले मत आधीच सांगतो: ताई, तुमच्या यजमानांचे नुकसान लो मेडिकलमुळे होणार नाही. झाले तर या बेतामुळे होईल. आणि त्यांची हळहळ तर अगदी उलटी आहे. लडाखमध्ये निदान झाले हे त्यांच्या फायद्याचे आहे. कसे, ते पुढे सांगतो.

नोकरीचे पहिल्यांदा. पी-टू झाले म्हणून कोणी घरी पाठवत नाही. सैन्यातली वर्गवारी ‘शेप’ या पाच अक्षरांवर चालते: एस म्हणजे मन, एच कान, ए हातपाय-सांधे, पी शरीराची एकूण क्षमता (हृदय, रक्तदाब, साखर, पोटाचे विकार सगळे यात), ई डोळे. प्रत्येकाला एक ते पाच दर्जा. पाचही ठिकाणी एक असला की ‘शेप-वन’, म्हणजे कुठेही पाठवा, काहीही काम द्या. पाच म्हणजे सेवेला कायमचा अपात्र. दोन आणि पाच यांत फार मोठे अंतर आहे. पी-टू माणूस काम करतो, पूर्ण पगार घेतो. त्याच्या कामावर आणि नेमणुकीच्या जागेवर काही बंधने येतात, एवढेच. ती बंधने ‘कोप’ नावाच्या दुसऱ्या संकेताने लिहितात: कोणते हवामान व भूभाग चालेल, डॉक्टरांची नजर किती लागेल, किती श्रम चालतील, काय अजिबात चालणार नाही. टी-24 म्हणजे तात्पुरते, 24 आठवड्यांसाठी. मुदत संपली की पुन्हा बोर्ड बसते. कायमची कॅटेगरी लागली तरी दर दोन वर्षांनी तिचा फेरआढावा होतो. नेव्हीत हेच ‘एस-वन ए-वन’ अशा तऱ्हेने आणि एअर फोर्समध्ये ‘ए’ आणि ‘जी’ अक्षरांनी लिहितात. वास्कोच्या वाचकांनी आपापले कागद तसे वाचावेत.

बोर्ड काय पाहते, हे मात्र लोकांना नीट कळलेले नसते. ‘डॉक्टर, मला काहीच होत नाही, मी दोन मैल धावतो’ हे वाक्य मी टेबलावर सतत ऐकायचो. ते खरेही असायचे. पण बोर्डापुढचा प्रश्न ‘आज बरे वाटते का’ हा नसतोच. जिथे डॉक्टर नाही, औषधाचे दुकान नाही, ढग उतरले तर हेलिकॉप्टरही येत नाही, अशा पोस्टवर हा माणूस काही महिने राहिला तर स्वतःला आणि शेजारच्या गड्याला धोका न होता काम करील का, हा खरा प्रश्न. गोमेकॉचे डॉक्टर उत्तमच आहेत, पण ते सर्टिफिकेट देतील ते बांबोळीच्या हवेतले. समुद्रसपाटीवर, घरच्या जेवणावर, झोप झालेल्या माणसाचे बीपी 130 आले म्हणून तो 15,000 फुटांवर ठीक राहील असे कोणी लिहून देऊ शकत नाही. म्हणून बाहेरचे सर्टिफिकेट लष्करी बोर्डाला बंधनकारक नसते. गोमेकॉत तपासून घ्यायला माझी अजिबात हरकत नाही. रिपोर्ट फाइलला लावा. तो ढाल म्हणून पुढे करू नका.

उंचीवर नेमके काय होते? 9,000 फुटांच्या वर जाणाऱ्या प्रत्येक जवानाला टप्प्याटप्प्याने सवय करून देतात: पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, पुढच्या दोन टप्प्यांवर चार-चार दिवस. कारण हवेतला प्राणवायू विरळ झाला की शरीर नाडी वाढवते, रक्तवाहिन्या आवळते, काही दिवसांनी रक्तही दाट होऊ लागते. निरोगी माणसाचाही रक्तदाब तिथे थोडा चढतो. आधीच चढलेला असेल तर त्यावर थंडी, अपुरी झोप, डबाबंद खारट खाणे आणि कामाचा ताण यांची भर पडते. आता तुमच्या यजमानांचा बेत यशस्वी झाला असे धरा. गुपचूप गोळी घेऊन बीपी नॉर्मल, गोळी बंद आहे अशी खोटी नोंद, म्हणून शेप-वन. शेप-वन म्हणजे पुन्हा वर. तिथे एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) त्यांच्या नावाने गोळी नाही, कारण कागदावर ते आजारीच नाहीत. खिशातली गोळ्यांची पाकिटे संपली की गोळी एकदम थांबते. काही गोळ्या अशा आहेत की अचानक सोडल्या तर रक्तदाब आधीपेक्षाही उसळतो. काही लघवीवाटे पाणी काढतात, आणि तिथल्या कोरड्या थंडीत शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते. कोणती गोळी कुठे द्यायची हे तिथला डॉक्टर ठरवतो, पण त्याला माहीत असेल तर. पक्षाघात होऊन खाली आणलेला तरुण माणूस मी पाहिला आहे. त्याच्या किटमध्ये बाहेरची औषधे निघाली होती.

आणि बेत यशस्वी होण्याची शक्यताही कमीच. री-कॅटला एकदा पट्टा बांधून आकडा लिहिला की झाले, असे नसते. गरज वाटली तर 24 तास यंत्र लावून झोपेतलाही रक्तदाब मोजतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पाहतात, ईसीजी, इको आणि लघवीतले प्रथिन पाहतात. जुना रक्तदाब या सगळ्या ठिकाणी आपली खूण ठेवून जातो. गोळीने आजचा आकडा उतरतो. हृदयाची जाड झालेली भिंत आठवड्यात पातळ होत नाही. उलट जो माणूस सरळ गोळी घेतो, वजन उतरवतो, मीठ आवरतो, त्याच्याकडे बोर्ड चांगल्या नजरेने पाहते. गोळीवर रक्तदाब काबूत राहिला तर बहुधा पी-टू चालू राहील; गोळीशिवाय, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नॉर्मल राहिला तर कॅटेगरी वर चढण्याची वाट मोकळी आहे.

आता पेन्शन. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घरांना हे निवृत्तीनंतर कळते आणि तेव्हा हातात काही उरलेले नसते.

सेवेत लागलेल्या आजाराबद्दल निवृत्तीनंतर नेहमीच्या पेन्शनखेरीज काही मिळायचे असेल तर दोन गोष्टी लागतात. बोर्डाने ठरवलेले अपंगत्व किमान 20 टक्के हवे, आणि तो आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला असे मान्य व्हायला हवे. टक्क्यांवर पूर्वी फारसे भांडण होत नसे. 2008 च्या नियमांच्या काळात प्राथमिक उच्च रक्तदाबाला बोर्डे साधारण 30 टक्के लिहीत. सगळे भांडण दुसऱ्या मुद्द्यावर होते, आणि त्याचा निकाल एका छोट्या रकान्यावर लागतो: आजार पहिल्यांदा कधी आणि कुठे दिसला. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या 2008 च्या मार्गदर्शिकेत फील्ड, अतिउंच भाग, अतिरेकीविरोधी मोहिमा किंवा जहाजावरची प्रदीर्घ सेवा अशा ठिकाणी सुरू झालेला उच्च रक्तदाब सेवेमुळे बळावला असे धरण्याची तरतूद होती. तोच रक्तदाब पीस स्टेशनला, कुटुंबासोबत क्वार्टरमध्ये राहताना पहिल्यांदा नोंदला गेला की बोर्ड सहज लिहून मोकळे होते: सेवेशी संबंध नाही. तुमचे यजमान नेमकी ही दुसरी नोंद मिळाली असती तर बरे, असे म्हणत आहेत! लडाखमध्ये, वार्षिक मेडिकलमध्ये, लष्करी हॉस्पिटलने तारीख घालून केलेले निदान हा त्यांच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद आहे. त्याच्या दोन झेरॉक्स काढा. एक घरी ठेवा.

नियम कोणते लागतील हे निवृत्तीच्या तारखेवर ठरते. आधी 1982 चे नियम होते, मग 2008 चे, आणि 21 सप्टेंबर 2023 पासून नवे लागू झाले. 2013 साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या नियमांचा अर्थ लावताना सांगितले की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही, तो नंतर आला तर माणूस येताना निरोगी होता असे धरावे. सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर. त्या निकालावर पुष्कळांना पेन्शन मिळाली. 2023 च्या नियमांनंतर मात्र कागदावर काय दिसते याला फार महत्त्व आले आहे. म्हणून मी सध्या सेवेत असलेल्यांना सांगतो, जुन्या निकालांवर विसंबून राहू नका, आपली फाइल भक्कम ठेवा. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डाचा जो फॉर्म असतो, एएफएमएसएफ-16, त्यात सुरुवातीला जवानाचे स्वतःचे निवेदन असते: भरतीआधी हा त्रास होता का, सेवेतल्या कोणत्या गोष्टीमुळे झाला असे वाटते. क्लार्क भराभर ‘नाही, नाही’ लिहितो, जवान घरी जायच्या घाईत सही करतो. पंधरा वर्षांची लडाख-काश्मीरची सेवा आणि त्या रकान्यात ‘निल’. असे फॉर्म घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा मला त्या क्लार्कपेक्षा सही करणाऱ्याचा राग येतो. वाचून सही करायला दहा मिनिटे लागतात.

दावा फेटाळला गेला तर दोन पायऱ्यांचे अपील आहे आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. गोव्यासाठी त्याचे मुंबईचे खंडपीठ. पत्र कुणाला आणि कसे लिहायचे हे कळत नसेल तर राज्याच्या सैनिक कल्याण खात्यात विचारा. वकिलाची पायरी त्यानंतरची.

सुट्टीतल्या दुखापतीचेही सांगून टाकतो, कारण गोव्यात हे फार होते. जवान चवथीला नाहीतर शिगम्याला घरी येतो, गावच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असतो, जुने मित्र ओढतात, आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटतो. मग लपवाछपवी: गावच्या हाडवैद्याकडे पट्टी, आठ दिवस लंगडणे, युनिटमध्ये जाऊन ‘पीटी करताना मुरगळला’. एमआरआयवर जुनी दुखापत जुनीच दिसते आणि मग माणूस खोटे बोलल्याच्या भानगडीत सापडतो. दुखापत झाली की युनिटला त्याच दिवशी कळवा, पणजीच्या मिलिटरी हॉस्पिटलात किंवा वास्कोला नेव्हीच्या आयएनएचएस जीवंतीमध्ये दाखवा. तातडीची गरज असेल तर गोमेकॉत जा, पण कागद जपून ठेवा. युनिटच्या खेळात किंवा पीटीत झालेली असेल तर ‘इंजुरी रिपोर्ट’, फॉर्म आयएएफवाय-2006, भरला गेला की नाही हे स्वतः विचारा. गावच्या सामन्यातली दुखापत सेवेमुळे झाली असे ठरवणे कठीणच. पण निदान खोटेपणाचा डाग तरी लागणार नाही.

बढतीबद्दल मी डॉक्टर म्हणून फार बोलू नये. बढतीच्या वेळी कॅटेगरी पाहतात हे खरे, आणि तात्पुरते लो मेडिकल असताना बढती अडकू शकते हेही खरे. कोणत्या कॅटेगरीला कोणत्या पदापर्यंत चालते, याची पत्रे बदलत राहतात. ताजे पत्र हेड क्लार्ककडे असते, तिथे विचारायला लाजू नये. कायमचे लो मेडिकल झालेल्या जवानाला त्याच्या कॅटेगरीला झेपणारे काम युनिटमध्ये असेल तर ठेवून घेतात. त्याला ‘शेल्टर्ड अपॉइंटमेंट’ म्हणतात. अशा माणसाला आरोग्याच्या कारणावरून काढायचे तर आधी इन्व्हॅलिडिंग बोर्डासमोर (सेवेला अपात्र ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर) न्यावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली राजपाल सिंग यांच्या प्रकरणात सांगितले आहे. पी-टू, तेही तात्पुरते, या सगळ्यापासून बरेच लांब आहे.

घरी तुम्ही काय करू शकता ते आता. यजमान सुट्टीवर असताना रोज सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटे बसवून बीपी मोजा आणि वहीत लिहा. दंडावर बांधायचे मशीन घ्या, मनगटाचे नको. आपल्या जेवणात मीठ कुठून येते ते पाहा: सुके बांगडे, सुंगटांची किसमूर, चेपणीचे आंबे, पापड, लोणचे. ताज्या हुमणाला माझी हरकत नाही. चवथीच्या पंगती आहेत, मला कळते, नेवऱ्या खाऊ दे दोन. कँटीनची रम मात्र या 24 आठवड्यांत बंद. ‘मर्यादेत’ वगैरे नको, बंदच, कारण दारूने चढलेला रक्तदाब आणि आजाराचा रक्तदाब री-कॅटच्या आकड्यात वेगळे दिसत नाहीत. घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हे बायकोइतके कोणालाच माहीत नसते. असेल तर ते डॉक्टरला सांगा, रक्तदाब वाढण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. ड्यूटीवर जाताना ती वही सोबत द्या. बोर्डाला घरची वही बंधनकारक नाही, पण मेडिकल स्पेशालिस्ट ती वाचतो. मी वाचायचो.

आता भाचा. ‘नॉक नी’ म्हणजे उभे राहून गुडघे एकमेकांना टेकवले की दोन घोट्यांत अंतर राहते. ते पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर अनफिट. इंटरनेटवर यासाठी तेले, पट्टे, मांड्यांत उशी धरून करायचे व्यायाम विकले जातात. वाढ पूर्ण झालेल्या पोराचे हाड त्याने सरळ होत नाही, पैसे घालवू नका. फक्त एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे: मांड्या जाड असतील तर गुडघे लवकर टेकतात आणि घोटे हाडांच्या दोषापेक्षा जास्त लांब दिसतात. अशा पोरांचे वजन उतरले की अंतर थोडे कमी होते. काठावरच्या मुलाला तेवढे पुरते, सात-आठ सेंटिमीटरवाल्याला नाही. शस्त्रक्रियेने सरळ करून घेण्याचा विचार तर मनातही आणू नका, हाड कापून जोडलेल्या पायावर वेगळी हरकत येते. अनफिटच्या चिठ्ठीवर रिव्ह्यूसाठी हॉस्पिटल आणि मुदत लिहिलेली असते. मुदत उरली असेल तर जाऊन या, तिथे हाडांचे तज्ज्ञ मोजतात आणि काठावरचे निर्णय कधी बदलतात. अधिकारी भरतीची पद्धत वेगळी; एसएसबीनंतरच्या (अधिकारी निवडीच्या मुलाखतीनंतरच्या) बोर्डात अनफिट झालेल्याला अपील बोर्डासाठी 42 दिवस असतात.

भाच्याच्या मित्रांसाठी, जे कोल्हापूरच्या भरतीची तयारी करत असतील: धावण्याच्या सरावाइतकेच चार-सहा महिने आधी स्वतःला तपासून घ्या. आमच्या पावसात मांडीत आणि काखेत गजकर्ण पोसते. मेडिकलच्या आठवड्यात मलम लावून ते जात नाही. कानातला मळ, मूळव्याध, हायड्रोसिल, व्हेरिकोसिल, हर्निया हे सगळे आधी कळले तर उपचार होऊन बरे व्हायला वेळ मिळतो. दातांचे किमान 14 गुण लागतात, तेव्हा किडलेली दाढ उपटण्याआधी वाचवता येते का ते विचारा. टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच चालतो. कळंगुटला मित्रांसोबत जाऊन मानेवर किंवा छातीवर काढून घेतलेला असेल तर भरती तिथेच संपली, आणि लेझरने काढल्यावर राहिलेला व्रणही प्रश्न उभा करतो. रंग ओळखण्याची चाचणी म्हापशाच्या कोणत्याही चांगल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत होते. रंगांधळेपणावर उपाय नाही, त्यामुळे तो आधी कळलेला बरा. एनडीएला जाणाऱ्यांनी चष्म्याचा नंबर काढायला लेझर शस्त्रक्रिया करून घेऊ नये, त्यांना ती चालतच नाही. आणि मेडिकल पास करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. बोर्डावर त्याचा कोणी नसतो. दहा जणांकडून पैसे घेतो, जे आपल्याच जोरावर पास होतात त्यांचे ठेवतो.

अग्निवीर झालेल्यांच्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावे: चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजनाही नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर एकरकमी मदत आहे, 100, 75 आणि 50 टक्क्यांना अनुक्रमे 44, 25 आणि 15 लाख. 20 ते 49 टक्के अपंगत्व या हिशेबात 50 टक्के धरतात; म्हणजे 20 टक्क्यांखालच्या दुखापतीला या मदतीत जागा नाही. त्यामुळे ट्रेनिंगमधली प्रत्येक दुखापत सिक रिपोर्टवर नोंदवून घ्यायला पोराला सांगा. उस्ताद काय म्हणतील म्हणून पायातला स्ट्रेस फ्रॅक्चर घेऊन धावणारी पोरे मी पाहिली आहेत. सहा-आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरणारे हाड त्यांनी मोडूनच आणले.